तुळशीराम आबांचं गोड पाणी

तुळशीराम आबा वावराच्या बांधावर आले की आधी चपला काढायचे. मग वावराचा मालक, त्याची बायको, बघायला जमलेली चार टाळकी आणि मी, अशा सगळ्यांना हाताच्या खुणेनं खाली बसवायचे आणि म्हणायचे, "आता कोनी बोलाचं नाई. पाणी लागलं का म्याच बोलतो." उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि अनवाणी चालायला लागायचं. ढेकळं असोत, काटे असोत, कापसाच्या पऱ्हाटीचे टोचरे बुडखे असोत, पायाकडे बघणं नाही. तळहातावरचा नारळ उभा राहिला की आबा थांबायचे आणि अंगठ्यानं तिथली माती उकरून खूण करायचे. एकदा ऐन चालण्यात माझा मोबाईल वाजला. आबांनी येऊन नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "घे मिस्तरी, आता तूच पाह्य. तुले तं जागेवर बसून खबर येऊन राह्यली!" सगळे हसले. तेव्हापासून मी फोन गाडीच्या डिक्कीत ठेवूनच वावरात उतरायचो.

मी सलीम. देऊळघाटला माझं जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं दुकान आहे. पाणाड्या म्हणून आबा जागा दाखवणार, मशीनवाला बोर मारणार आणि मी आत मोटार सोडणार, असं आमचं कित्येक वर्षं चाललं. तुझा त्या नारळावर विश्वास होता का, असं मला लोक विचारतात. नव्हता. आबांच्या पायांवर मात्र होता. आयुष्यभर वावरांतून अनवाणी चालून त्या तळव्यांना जमिनीचं काहीतरी कळत असणार, असं मला वाटायचं. नसेलही कळत. कारण बोर त्यांचेही कोरडे जायचेच.

पण बोर कोरडा गेला की इतर पाणाडे त्या गावचा रस्ता सोडतात, आणि आबा दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन त्याच वावरात हजर व्हायचे. दिवसभर निंदण करायचे, तण काढायचे. भाकर घरून आणलेली, पाणीही घरूनच. मालक बिचारा लाजून मरायचा. "राहू द्या ना आबा, जमिनीच्या पोटातलं कोनाले दिसते?" आबा मान वर न करता म्हणायचे, "मले दिसते म्हणूनच तं बलावलं तुम्ही. नाई दिसलं, तं आता हात चालवू द्या." संध्याकाळी विळा पुसून घरी जाताना मात्र चेहरा स्वच्छ असायचा. पुन्हा त्या बोराचा विषय नाही.

आबांच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव बाहेर गेल्यावर काय होतं ते आम्ही एकदा पाहिलं आहे, आणि त्या गावात लग्नाच्या मुली अजून आहेत. बुलढाण्याहून एसटीनं फार लांब नाही, एवढं पुरे.

एका कोरड्या वर्षी त्या गावाची जुनी विहीर तळाला गेली. तशीही ती उतारावर, गावापासून लांब, आणि पाणी मचूळ. गावानं आबांना म्हटलं, दुनियेला पाणी दाखवता, आता आपल्या गावाला दाखवा. आबा दोन दिवस गावात अनवाणी हिंडले आणि शाळेच्या मागे, कडुनिंबाजवळ थांबले. मशीन लागली. दगडाची भुकटी उडत राहिली, उडतच राहिली. मशीनवाला म्हणाला, आता बंद करू का? आबा म्हणाले, "अजून जाय." आणि खूप खाली गेल्यावर पाणी लागलं. असं गोड पाणी मी आमच्या भागात प्यायलो नव्हतो. लोकांनी आबांना गुलालानं माखलं. मीही त्यात होतो, मोटार माझीच होती ना! लेकी माहेरी आल्या की जाताना प्लास्टिकची डबकी भरून पाणी घेऊन जायच्या. गावात त्याला आबाचं पाणी म्हणायचे. आबा ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारायचे, "या भाऊ, पाणी पेऊन जा." गयाकाकू, म्हणजे आबांची बायको, मला हळूच म्हणायच्या, "असे सांगतेत, जसं काई या बुढ्यानंच साखर टाकली त्याच्यात."

पुढे काही वर्षांनी शाळेतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसायला लागले. पोरं चोरून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खातात असं गुरुजींना वाटलं. गावाला वाटलं. आबांनाही वाटलं. आबांनी तर दोघातिघांचे कान धरून भर चौकात पिळले, "आठवीतले पोट्टे अन् खर्रा खातं काय बे?" पोरं शपथा घ्यायची, रडायची. कोणी ऐकत नव्हतं. मग मोठ्यांच्या माना धरल्या. मागून हाक मारली की माणूस सगळाच्या सगळा वळायचा. लोक चेष्टा करायचे, गावात सगळेच साहेब झाले म्हणून. गुडघे दुखत, कंबर वाकत नसे. वाताचं दुखणं म्हणून मोहाचं तेल चोळणं चाललं होतं. दोनतीन लहान पोरांचे गुडघे चालताना एकमेकांना घासायला लागले, तेव्हा चेष्टा थांबली. तरी पाण्याचं नाव कोणाच्या मनात आलं नाही. इतकं गोड पाणी!

आबांनाही खाली वाकता येईना. चपला पायानंच ढकलून काढायचे, खूण करायला अंगठा फिरेना. मी ओरडलो, भांडलो आणि त्यांना बुलढाण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे उजेडात धरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, मणके फार पांढरे दिसतात. दुसरीकडच्या गाठीचा कॅन्सर हाडात उतरतो तेव्हा असंच दिसतं. रक्त तपासू, मग बोलू.

ते मधले दिवस कसे गेले ते मलाच माहीत. दुकानात तारेचे वेढे मोजायचे विसरत होतो. माझ्या बायकोनं मन्नत मागितली. आबांनी खोदून विचारलं तेव्हा त्यांना सांगावंच लागलं, पण ते निवांत. "हाडात शिरला असंन तं शिरू दे. खूप चाललो बे मी." गयाकाकूंना त्यांनी काही कळू दिलं नाही.

पुन्हा गेलो. रक्त ठीक निघालं. डॉक्टरांनी मग आबांच्या हाताचा एक्स-रे काढला. मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडं असतात, त्यांच्या मधला पातळ पडदासुद्धा हाड व्हायला लागला होता. डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, "हाड म्हणजे दगड नाही बाबा, जिवंत वस्तू आहे. रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. तुमचं नुसतं भरत गेलंय. मणक्यांना बांधणाऱ्या दोऱ्यांचंही हाड झालंय, म्हणून पाठ वाकत नाही. पाणी कुठलं पिता?"

आबांची छाती फुगली. एक्स-रेच्या खोलीतही फुगली! "माह्या बोरचं. म्या काढलं ते पाणी. सारं गाव पेते."

"गावात अजून कोणाला असा त्रास आहे?"

आबा सांगायला लागले. शेजारचा किसन, त्याची मान. त्याची बायको, तिची कंबर. पाटलाच्या घरचे दोघं. शाळेतले पोट्टे, त्यायचे दात. किसनाचा नातू, त्याचे गुडघे. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. आबांनी त्या पेनाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. आणि बोलता बोलता थांबले.

जमिनीत खूप खालच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा एक क्षार असतो, थोडा असला तर चालतो, जास्त झाला तर दातांत आणि हाडांत साठत जातो, असं डॉक्टर सांगत होते. त्याला चव नसते, वास नसतो. मी ऐकत होतो. आबा नव्हते ऐकत.

बाहेर आल्यावर मी खुश होतो, खोटं कशाला सांगू? कॅन्सर नव्हता! स्टँडवर आलो, चहा सांगितला, पेढे घ्यायला निघालो. आबांनी माझी बाही धरली. "कायचे पेढे मिस्तरी? कॅन्सर असता तं बरं झालं असतं. तो माहा एकट्याचा असता."

मी पाण्याची बाटली भरून तपासायला दिली. डॉक्टर म्हणाले तेच निघालं. मग देवळात गावातल्या पुरुषांची बैठक बसली. सरपंच वाईट माणूस नव्हता. हात जोडून म्हणाला, "आबा, बोर बंद करू. पण अवघी लगीनसराई तोंडावर हाय. गावातल्या पाच-सहा पोरी ठरल्या. आता जर बातमी फुटली का या गावात हाडाचा रोग हाय, तं कोन नेईन आपल्या पोरी? इतके वर्षं पेलो, दोन-तीन महिन्यानं काय होते?" सगळ्यांनी माना हलवल्या, म्हणजे ज्यांच्या हलत होत्या त्यांनी. त्या पोरींत आबांची नात अर्चना होती. मलकापूरला कापसाच्या व्यापारातल्या घरी ठरली होती. आईबाप लहानपणी गेल्यावर आजी-आजोबांनीच तिला वाढवलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करतो तर आबा पायरीवर. "मिस्तरी, बोरची मोटार जाळ."

"आबा, चांगली चालून राह्यली ती. कशी जाळू?"

"मंग जळली म्हण अन् काढून आण. पोरीयचे लगीन होईपर्यंत भरतच राह्य. गाव बोलू देत नाई, तं नको. पोट्ट्यायच्या पोटात तं जानार नाई." मी म्हटलं, लोक मला शिव्या देतील. म्हणाले, "मले बी देतीन. बरं वाटंन."

काढली मी मोटार. गाव पुन्हा उतारावरच्या मचूळ विहिरीवर. तिला आता पाणी होतं, आणि ते पाणी मी गुपचूप तपासून घेतलं होतं, त्यात दोष नव्हता. बाया मला रस्त्यात गाठायच्या. "काहो सलीमभाई, मोटार भरता का सूत कातता?" मी म्हणायचो, तार मलकापूरहून यायची आहे. तार यायचीच राहिली. आबा ओट्यावर बसून बायांच्या शिव्या ऐकायचे. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू दिसलं. किसनाच्या नातवाला जवळ बोलावून मचूळ पाण्यात गूळ विरघळवून पाजायचे. ज्यांचे कान पिळले होते त्या पोरांना मात्र हाक मारायची त्यांना हिंमत होत नव्हती. मला म्हणाले, "माहंच पाणी पेऊन दात गेले त्यायचे, अन् म्याच त्यायचे कान पिळले."

गयाकाकूंना आम्ही पाण्याचं आणि हाडांचं काही सांगितलं नव्हतं. म्हातारं माणूस, कुठे बोलून जाईल असं वाटलं. आणि घरात अर्चना असताना काकू विहिरीवर कशाला जातील, हा आमचा हिशेब. पण त्या दिवशी पोरगी ब्लाउज शिवायला टाकण्यासाठी बुलढाण्याला गेलेली. घरी पाहुणे येणार होते. काकूंनी डोक्यावर हंडा घेतला आणि चढावर मध्येच खाली बसल्या. त्या उठल्याच नाहीत.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, तसाच पांढराफेक. म्हणाले, पडून हाड मोडलं असं समजू नका, आधी हाड मोडलं असेल आणि मग त्या पडल्या असतील. मला कळेना. एवढं जाड हाड मोडलं कसं? ते म्हणाले, जाड झालं म्हणजे मजबूत झालं असं नाही. हे हाड खडूसारखं आहे.

ऑपरेशन झालं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आबा ताठ बसले होते. त्यांना वाकून बसताच येत नव्हतं. "मोटार चालू राहू दिली तं पोट्ट्यायचे पाय जाते. बंद केली तं हिचा गेला. सांग मिस्तरी, काय कराचं होतं म्या?"

मी आजवर शंभरदा म्हटलेलं तेच म्हटलं, "तुमचा काय दोष आबा? जमिनीच्या पोटात काय आहे ते तुम्हाला काय माहीत?"

आबा असे भडकले की नर्स बाहेर आली. "गप बैस! जो तो येते अन् म्हणते दोष नाई, दोष नाई. अरे, दोष नाई म्हणला का माहं तोंड बंद होते. मंग बोलू कोनाजवळ? एकटा पडतो बे मी."  मला राग आला होता, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे असंही वाटत होतं. कोरड्या बोराला एक दिवसाचं निंदण पुरायचं. याला त्यांनी काय करायचं होतं, ते मलाही सांगता येत नव्हतं.

काकूंना घरी आणल्यावर मलकापूरचे व्याही समाचाराला आले. सरपंच होता, किसन होता, मी होतो. अर्चनानं चहा आणला. काकू खाटेवर. व्याही भला माणूस, काळजीनं विचारत होता. "पण या वयात विहिरीवर कशाला गेल्या? गावात एवढा नामी बोर आहे म्हणून ऐकलं होतं." सरपंच पटकन म्हणाला, "मोटार जळली होती ना. हे काय, मिस्तरी इथंच बसले." व्याह्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावणार होतो.

"मोटार जळली नाई," आबा म्हणाले. "म्या काढाले लावली. पानी खराब हाय त्याच्यातलं. हाडं खाते. साऱ्या गावाचे हाडं खाल्ले, हिचं बी त्यानंच मोडलं. ते पानी म्या दाखवलं होतं."

सरपंचानं कपाळाला हात लावला. किसन उठून बाहेर गेला.  व्याह्यानं हातातली कपबशी हळूच जमिनीवर ठेवली, अर्धा चहा तसाच. अर्चना दारात उभी होती. ती त्या कपाकडे बघत होती. अपमान करायचा म्हणून त्यानं कप ठेवला असं मला नाही वाटत. तो घाबरला होता. आठवड्यात निरोप आला, सध्या राहू द्या. आणखी दोन सोयरिकी मोडल्या. त्या घरांनी आबांशी बोलणं टाकलं. एका बाईनं ओट्यासमोर उभं राहून बोटं मोडली. आबांनी ते खाली बघून ऐकून घेतलं असतं, पण मान खाली जात नव्हती, म्हणून समोर बघत ऐकलं.

मी अर्चनाला भेटायला गेलो.  आजीचे पाय चेपत बसली होती ती. म्हणाली, "मिस्तरी काका, मोटार भरून झाली असंन तं विकून टाका आता." डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. आजोबांशी ती तेव्हा बोलत नव्हती. त्यांचं ताट वाढायची, पुढे सरकवायची आणि निघून जायची.

बातमी फुटल्यावर साहेब लोक आले, पाणी तपासलं, बोराला लाल रंग दिला, पिऊ नये असं लिहिलं. धुण्याला आणि गुरांना म्हणून त्यावर मी हापशी बसवून दिली. पुढे धरणाच्या पाण्याची टाकी झाली. आणि त्यानंतर जन्मलेल्या पोरांचे दात पांढरे यायला लागले. आबा दिसेल त्या लहानग्याला अडवायचे, "ई कर, ई कर पाहू." पोरं ई करून पळायची. पळणाऱ्या पायांकडे आबा बराच वेळ बघत बसायचे. मला वाटलं, चला, म्हातारा आता सावरला.

कसलं सावरणं! टाकीच्या पाण्याला आबांनी हात लावला नव्हता. रोज लोटा घेऊन हापशीवर जायचे आणि लाल रंगाच्या त्या बोराचंच पाणी प्यायचे. किसनानं सांगितलं, सरपंचानं सांगितलं, डॉक्टरांनी दटावलं. मी तर हापशीचा दांडा काढून नेईन म्हणालो. एकच उत्तर. "गावाले पाजलं, तं म्या काऊन नाई प्यावं?" हात खांद्याच्या वर जाईना, श्वास घेताना बरगड्या हलेनात, तरी लोटा सुटला नाही. गयाकाकू खाटेवरून ओरडायच्या, "माहं हाड मोडलं ते पुरलं नाई काय तुमाले?" त्यावर आबा आणखी एक लोटा भरून आणायचे.

आबा गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. शेवटी शेवटी पाठ इतकी बाकदार होऊन धरली होती की तिरडीवर सरळ निजवता येईना. मानेखाली आणि गुडघ्यांखाली गोधड्यांच्या घड्या घालाव्या लागल्या. ते बघवलं नाही मला. पण आबा म्हटलं की मला ते आठवत नाहीत. मला आठवतात हापशीवरचे आबा, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातले.

मी हापशीचं वॉशर बदलायला गेलो होतो. आबा निंबाखाली लोटा घेऊन बसलेले, माझं काम व्हायची वाट बघत. हापशी सुरू झाली. त्यांनी लोटा भरला. तेवढ्यात अर्चना आली, हातात दुसरा लोटा. तिनं दांडा मारला, तोही भरला आणि आजोबांसमोर मांडी घालून बसली. लग्न मोडल्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

"तू काऊन भरला?" आबांनी विचारलं.

"प्यासाठी. तुमी एक पेलं का मी एक पेतो. दोन पेले का दोन."

"अवं माय, इख हाय ते!"

"मंग तुमी काऊन पेऊन राह्यले?"

"माहं पाप हाय. मले फेडू दे."

"तुमचं एकट्याचं?" अर्चनाचा आवाज चढला. "वावरात माहा वाटा हाय म्हणता, घरात हाय म्हणता, मंग याच्यात नाई काय? माहं लगीन गेलं याच्यात. मी कोनाले बोलली काय? इतके वर्षं मले वाटे, या बुढ्यानं चूक केली. हाव, केली! बोर दाखवला ते बी चूक, मोटार काढली अन् घरात सांगतलं नाई ते बी चूक. सांगतलं असतं तं आजी जाती काय इहिरीवर? पण खरं बोलले ते चूक नोती. आता ते बी पान्यात घालाले बसले तुमी. द्या माहा वाटा."

मी पाना हातात धरून उभा होतो. दोष आहे, असं आबांना तोंडावर म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.  अर्चनानं लोटा उचलला, घटाघटा दोन घोट घेतले आणि तिसरा तोंडात भरला.

"थुंक!" आबा किंचाळले. "थुंक आंधी! थुंक माय!"

अर्चनानं गाल फुगवून मान हलवली. नाही. बोट त्यांच्या लोट्याकडे.

ज्या हातानं त्यांना डोक्यावरची टोपी नीट करता येत नव्हती, त्या हातानं आबांनी आपला लोटा फेकला. तो हापशीच्या ओट्यावर आपटून घरंगळत गटाराकडे गेला. "नाई पेत. आता नाई पेत. तुही आन घेतो. थुंक ना वं!"

तिनं चूळ बाजूला टाकली. आबा रडत होते. मान खाली घालता येत नव्हती, त्यामुळे सगळं रडणं आमच्या समोरच चाललं होतं. अर्चनानं ओढणीनं आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग त्याच ओढणीनं त्यांचं.

"उठा," ती म्हणाली, "टाकीवर जाऊ. आजी तहानली असंन."

आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले.